नवं तळं, जुनी पेटी: बाससाठी लूअर ठरवण्याचा बरोबर क्रम

"अमुक तळ्यावर कोणता लूअर (खोटं आमिष) चालतो?" बास, म्हणजे गोड्या पाण्यातला एक शिकारी मासा, गरवायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि बहुतेकांचा दिवस तिथेच वाया जायला लागतो. प्रश्न चुकीचा नाही, पण तो सगळ्यात शेवटी विचारायचा आहे. पळसाला पानं तीनच असतील. तळ्यांचं तसं नाही. फ्लोरिडातल्या ओकीचोबी तळ्याची सरासरी खोली जेमतेम ९ फूट, काठाने मैलोन्‌मैल लव्हाळी आणि पाणगवत. मिसुरीतल्या टेबल रॉक धरणात कड्याला होडी खेटवली तरी खाली तीस-चाळीस फूट नितळ पाणी. दोन्हीकडे बास आहे, पण एकीकडचा हुकमी लूअर दुसरीकडे नेलात तर तो पेटीतलं ओझं होतो.

मी गवताळ तळ्यांवर शिकलो. पहिल्यांदा डोंगराळ भागातल्या नितळ धरणावर गेलो तेव्हा माझ्याजवळ फ्रॉग (बेडकासारखा रबरी लूअर), औंसभर वजनाच्या गोळ्या आणि ६५ पौंडी ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाइन, एवढंच होतं. सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत एकही चावा नाही. पलीकडच्या होडीतले एक आजोबा बोटाएवढा रबराचा तुकडा बारीक लाइनवर सरळ खाली सोडत होते आणि तासाला दोन-तीन मासे काढत होते. मी मात्र "आज वाराच बरोबर नाही" म्हणत होतो. नाचता येईना अंगण वाकडं!

तर क्रम असा: तळ्याची जात, पाणी, खोली, आडोसा, भक्ष्य, आणि मग लूअर. रंग सगळ्यात शेवटी.

टप्पा १: घरी बसून करायचं काम

आधी तळं कोणत्या जातीचं आहे ते ठरवा. अमेरिकेतली बासची तळी ढोबळमानाने पाच प्रकारांत बसतात.

उथळ, गवताळ तळी: ओकीचोबी हे ठळक उदाहरण.

बुडालेल्या झाडांची सपाटीवरची धरणं: टेक्ससमधलं लेक फोर्क. धरण भरताना झाडं तशीच राहू दिली, त्यांचे सांगाडे अजून पाण्यात उभे आहेत.

नदीवरची वाहती धरणं: टेनेसी नदीवरची गंटर्सव्हिल, पिकविक, केंटकी. इथे वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की प्रवाह सुरू होतो, आणि मासाही त्या वेळापत्रकावर खातो.

डोंगरातली खोल, नितळ धरणं: टेबल रॉक, डेल हॉलो, आणि पश्चिमेकडची मीड-पॉवेलसारखी.

थंड पाण्याची अवाढव्य सरोवरं: ईरी, सेंट क्लेअर. इथे स्मॉलमाउथ या बासच्या जातीचं राज्य.

जात कळली की नकाशा उघडा. खोलीच्या रेषा जिथे एकमेकींना चिकटून आहेत तिथे तीव्र उतार, जिथे लांब लांब आहेत तिथे पठार. पठाराला लागून अचानक खोल जाणारी जागा, काठावरून पाण्यात घुसलेली सोंड, जुन्या ओढ्याचं पात्र जिथे वळून काठाजवळ येतं ती जागा, अशा पाच ठिकाणी खुणा करा. पाचच. पन्नास खुणा करणारे दिवसभर होडीच हाकत राहतात.

मग मासा कोणता ते पाहा. लार्जमाउथ आडोसा धरून बसतो, स्मॉलमाउथला दगड आणि मोकळं पाणी आवडतं, स्पॉटेड बास खोल पाण्यात झुंडीने फिरतो. हातात आलेला मासा ओळखायचा तर त्याचं तोंड मिटलेलं असताना पाहा. वरचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत गेला असेल तर लार्जमाउथ.

*सावध:* परवाना प्रत्येक राज्याचा वेगळा असतो आणि नियम तळ्यागणिक बदलतात. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांच्या मधला बास ठेवता येत नाही, सोडून द्यावा लागतो. न्यू हॅम्पशायरमध्ये औंसभर किंवा त्याहून हलकी शिशाची वजनं आणि जिग (वजनदार डोक्याचे गळ) वापरायला बंदी आहे, तिथे टंगस्टन न्या. एका काडीवर अनेक लूअर लावायच्या अलाबामा रिगला किती गळ चालतात, हेही राज्यानुसार ठरतं. निघण्याच्या आदल्या रात्री राज्याच्या मत्स्यविभागाचा चालू नियम वाचा. मित्राच्या आठवणीवर विसंबू नका.

टप्पा २: पाण्यावरचा पहिला अर्धा तास, रॉडला हात न लावता

हा टप्पा सगळे गाळतात. होडी उतरली की हात शिवशिवतात, मलाही कळतं. पण हा अर्धा तास पुढचे चार तास वाचवतो.

पहिलं, पृष्ठभागाचं तापमान. ते धक्क्यापाशी, मोकळ्या पाण्यात आणि एखाद्या आत शिरलेल्या फाट्याच्या टोकाला, असं तीन ठिकाणी मोजा. वसंतात या तीन आकड्यांत पाच-सहा अंशांचा फरक सहज निघतो, आणि उबदार टोक कुठलं हेच तर शोधायचं असतं.

दुसरं, पाण्याचा नितळपणा. नुसतं पाहून "बरं नितळ आहे" म्हणण्यात अर्थ नाही. पांढरा स्पिनरबेट (फिरत्या पात्याचा लूअर) लाइनला बांधा, होडीच्या सावलीच्या बाजूने सरळ खाली सोडा आणि तो दिसेनासा होईल तिथे लाइन चिमटीत धरा. वर ओढून रॉडवरच्या खुणांशी मोजा. मी रॉडच्या मुठीपासून वर फुटाफुटावर नेलपॉलिशचे ठिपके देऊन ठेवले आहेत; बायकोची बाटली त्यात संपली, पण काम चोख झालं.

एक फुटापेक्षा कमी: गढूळ. मासा डोळ्यांपेक्षा अंगावरच्या पार्श्वरेषेने हालचाल टिपतो. जाडजूड, पाणी ढवळणारा, थरथरणारा लूअर हवा. कोलोराडो पात्याचा, म्हणजे गोल पात्याचा स्पिनरबेट, ब्लेडेड जिग (पुढे थरथरणारं पातं असलेला जिग), खुळखुळणारा क्रँकबेट (माशाच्या आकाराचा कडक लूअर, ओढला की खाली जातो). मासा उथळ पाण्यात आडोशाला चिकटलेला असतो, म्हणून लूअर त्याच्या नाकासमोरून न्यायचा.

एक ते चार फूट: सगळ्यात सोपं पाणी. जवळपास काहीही चालतं, इथे नितळपणाची चिंता सोडा आणि आडोसा बघा.

चार ते आठ फूट: आकार लहान करा, लाइन बारीक करा, फेक लांब टाका. स्पिनरबेटला विलो पातं, म्हणजे लांबट पातं लावा.

आठ फुटांच्या वर: मासा तुम्हाला पाहतो. एक तर लूअर अगदी नाजूक आणि संथ, नाहीतर इतका वेगवान की निरखायला वेळच मिळू नये. मधला वेग इथे मार खातो. नितळ पाण्यात मासा न लागता नुसता मागे मागे येत असेल तर बहुतेक जण रील सावकाश फिरवतात, आणि मासा आणखी नीट निरखून परत जातो. आधी वेग वाढवून पाहा.

*तपासा:* एकाच तळ्यात दोन प्रकारचं पाणी असू शकतं. पावसानंतर वरच्या अंगाला, ओढा मिळतो तिथे गढूळ आणि धरणाच्या भिंतीकडे नितळ. तुमच्या पेटीला कोणतं पाणी मानवतं ते बघून तिकडे जा. तळ्याशी कुस्ती खेळायची काही गरज नसते.

तिसरं, नुसतं बघा. बगळे कुठे उभे आहेत? बारीक माशांचे थवे कुठे उसळताहेत? धक्क्याच्या दगडांत खेकड्यांसारख्या क्रॉफिशच्या नांग्या पडल्या आहेत का?

टप्पा ३: मासा किती खोल आहे?

आडोशाच्या आधी खोली. मासा वीस फुटांवर असेल तर पाच फुटांतून जाणारा जगातला सर्वोत्तम लूअरही त्याच्या डोक्यावरून जातो.

४५ अंश फॅरनहाइटच्या खाली (साधारण ७ सेल्सियस) बास सुस्त, खोल पाण्याजवळच्या तीव्र उतारांवर. याच सुमारास थ्रेडफिन शॅड नावाची चंदेरी मासळी थंडीने अर्धमेली होऊ लागते, थरथरत खाली बुडते. जर्कबेट (लांबट माशासारखा कडक लूअर) दोन हिसके देऊन थांबवायचा तो तिची नक्कल म्हणून. किती थांबवायचा? दहा सेकंद, कधी वीस. घड्याळ लावून बघा, तुमचे दहा सेकंद चारच भरतात.

५० ते ६० मध्ये मासा विणीच्या जागांकडे सरकतो: फाट्यांच्या तोंडाशी, पठारांच्या कडेला. खातो भरपूर. ६० ते ७५ च्या दरम्यान लार्जमाउथची वीण चालते. स्मॉलमाउथची थोड्या थंड पाण्यात आधीच सुरू होते. मासा उथळ, वाऱ्याच्या आडोशाला, कठीण तळावर.

भर उन्हाळ्यात खोल तळ्यांत पाण्याचे थर पडतात: वर कोमट, खाली गार, आणि मध्ये झपाट्याने तापमान घसरणारा पट्टा. पुष्कळ तळ्यांत या पट्ट्याखाली प्राणवायू फारच कमी उरतो. होडीवरच्या सोनारची (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राची) संवेदनशीलता वाढवली की हा पट्टा धुरकट आडव्या रेघेसारखा दिसतो. तो २२ फुटांवर असेल तर ३० फुटांत जिग ओढणं म्हणजे रिकाम्या घराची कडी वाजवणं. ओकीचोबीसारख्या उथळ, वाऱ्याने ढवळणाऱ्या तळ्याला हा हिशेब लागू नाही. तिथे उन्हाळ्यात मासा खाली जात नाही, गवताच्या सावलीत शिरतो.

शरदात वरचं पाणी गार होऊन खालच्यात मिसळतं. त्या काही दिवसांत पाणी मळकट दिसतं, कधी कुजकट वास येतो. अशा वेळी खोल पाणी सोडून फाट्यांच्या आत, वरच्या अंगाला जा.

*चूक:* महिना पाहून खोली ठरवणं. एप्रिल टेक्ससमध्ये वेगळा आणि मिशिगनमध्ये वेगळा. तापमान पाहा, कॅलेंडर नको.

टप्पा ४: आडोसा पाहून लूअरची जात

आता पेटी उघडा. पण एक प्रश्न मनाशी ठेवून: या आडोशातून कोणता लूअर न अडकता, आणि तरी त्याला घासत जाईल? घासत जाणं महत्त्वाचं. मोकळ्या पाण्यातून गोंडसपणे पोहत येणाऱ्या लूअरपेक्षा दगडाला आपटून वाट बदलणारा लूअर जास्त मासे काढतो.

*गवत.* सगळ्या चुका इथेच होतात, कारण "गवत" हा एक शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरला जातो.

पृष्ठभागावर गच्च चटई झाली असेल तर दोनच मार्ग: वरून पोकळ फ्रॉग, किंवा एक ते दीड औंसाच्या टंगस्टन गोळीने चटई फोडून लहानसा प्लास्टिक लूअर खाली सोडणं. वजन मोठं पण लूअर लहान आणि सडपातळ. पसरट हातापायांचा लूअर चटईवरच लोंबकळत राहतो. फ्रॉगवर मासा उसळला की लगेच हिसका देऊ नका. पाणी फुटलेलं दिसतं तेव्हा बरेचदा फ्रॉग अजून माशाच्या तोंडात बसलेला नसतो. रॉडवर वजन जाणवू द्या, मग ओढा. मला हे शिकायला एक अख्खा हंगाम लागला.

गवत पाण्याखाली असून वर दोन-चार फूट मोकळं पाणी असेल, तर लिपलेस क्रँकबेट, ब्लेडेड जिग किंवा स्विम जिग. गवताच्या शेंड्यांना लूअर टेकला पाहिजे. अडकला तर हळू सोडवू नका, झटक्याने उपटा. चावा बहुधा त्या उपटण्यातच येतो. गंटर्सव्हिलसारख्या ठिकाणी वसंताच्या सुरुवातीला मी दुसरं काही टाकतच नाही.

गवताची बाहेरची कड, जिथे ते खोलीमुळे संपतं, तिथे टेक्सास रिग (पुढे गोळी, मागे गळाचं टोक आत लपवलेला मऊ प्लास्टिक लूअर) किंवा जिग. कडेला समांतर फेका, काटकोनात नाही. समांतर फेकीत लूअर शेवटपर्यंत कामाच्या जागेत राहतो. काटकोनात फक्त पहिली दोन फूट.

*सावध:* दाट गवतात तिहेरी गळांचा लूअर नको. चार फेकींनंतर तुम्ही मासे नव्हे, पालेभाजी गोळा करत असाल.

*बुडालेली झाडं.* गळाचं टोक लूअरमध्ये लपवलेला टेक्सास रिग, ब्रशगार्डचा (गळ अडकू नये म्हणून पुढे तंतूंचा झुबका असलेला) जिग, आणि उथळ असेल तर चौकोनी ओठाचा क्रँकबेट. त्याचा ओठ आधी लाकडाला आपटतो आणि गळ मागे सुरक्षित राहतो. गोळी लूअरपाशी अडकवून ठेवा, नाहीतर गोळी फांदीच्या एका बाजूला आणि लूअर दुसऱ्या बाजूला पडतो. खोडाच्या सावलीच्या बाजूला सोडा. तो खाली जाताना लाइन ताणलेली असेल तर लूअर झोक्यासारखा खोडापासून लांब, तुमच्याकडे येतो, आणि मासा मात्र खोडाला चिकटलेला. लाइन ढिली सोडा, पण डोळा लाइनवरच. ती बाजूला सरकली की मासा आहे.

*दगड.* फुटबॉल जिग (आडव्या लांबट डोक्याचा), ट्यूब (पोकळ मऊ लूअर), नेड रिग (लहान वजनदार डोक्यावर आखूड मऊ लूअर), किंवा तळाला टेकणारा क्रँकबेट. आठ फूट पाण्यात दहा फूट जाणारा क्रँकबेट घ्या, म्हणजे तो तळ उकरत येईल. जिग अडकला तर जोर लावू नका. लाइन ढिली करून रॉडचं टोक हलकेच थरथरवा. निम्म्या वेळा तो सुटतो.

*धक्के आणि तरंगते फलाट.* सावलीत आत खोलवर जाईल असा सपाट फेकलेला, मधोमध गळ टोचलेला स्टिकबेट (काडीसारखा मऊ लूअर). सगळे जण पुढचा कोपरा मारतात, मासा मागच्या अंधारात असतो.

*काहीच नाही, मोकळं पाणी.* जॉर्जियातल्या लॅनियरवर ब्लूबॅक हेरिंग नावाचा चपळ मासा आहे, आणि स्पॉटेड बास त्याच्यामागे मोकळ्या पाण्यात हिंडतो. आडोसा शोधत बसाल तर उपाशी घरी याल. बुडालेल्या टेकाडांच्या माथ्यावरून वेगाने पृष्ठभागावरचा लूअर किंवा स्विमबेट (पोहणाऱ्या माशासारखा लूअर) काढा.

वाहत्या धरणावर आडोशाची जागा प्रवाह घेतो. टेनेसी नदीवर पाणी सोडण्याच्या वेळा टेनेसी व्हॅली अथॉरिटी जाहीर करते. त्या पाहूनच निघा. प्रवाह चालू झाला की बास जुन्या पात्राच्या कडांवर, अडथळ्यांच्या पाठीशी रांगेत उभे राहतात. लूअर प्रवाहाच्या वरच्या बाजूला फेकून खाली वाहत येऊ द्या. भक्ष्य प्रवाहाबरोबर येतं हे माशाला माहीत असतं. उलटा चढणारा लूअर त्याला पटत नाही.

टप्पा ५: भक्ष्याप्रमाणे आकार, मग रंग

ईरी आणि सेंट क्लेअरमध्ये गोबी नावाचा परका मासा १९९० च्या दशकात पसरला. त्याला पोहण्याची पिशवी नसते, म्हणून तो तळालाच बिलगून राहतो. साहजिकच तिथला स्मॉलमाउथ खाली बघून खातो: तपकिरी-हिरवी ट्यूब, नेड रिग, किंवा गळ वजनापासून जरासाच वर ठेवलेला ड्रॉप शॉट. हीच ट्यूब लॅनियरवर हेरिंगमागे उसळणाऱ्या झुंडीत टाकली तर ती माशाच्या खाली पंधरा फुटांवर जाऊन पडते. कॅलिफोर्नियात ज्या तळ्यांत रेनबो ट्राउट आणून सोडतात तिथे आठ इंची ट्राउटसारखा स्विमबेट हास्यास्पद वाटत नाही, इतरत्र वाटतो.

पहिला मासा आला की त्याच्या घशात डोकवा. क्रॉफिशच्या मिशा बाहेर आलेल्या दिसतात, कधी शॅडची शेपटी. होडीतल्या टाकीत तो काय ओकतो तेही बघा. यासारखी पक्की खबर दुसरी नाही.

रंगाबद्दल थोडक्यात, कारण त्याच्यावर लोक आधीच फार वेळ घालवतात. इलिनॉयमधल्या संशोधकांनी लार्जमाउथची रंगदृष्टी तपासली तेव्हा आढळलं की लाल आणि हिरवा त्याला नीट ओळखता येतात, पण पिवळट-हिरवा चार्ट्रूज आणि पांढरा, किंवा गडद निळा आणि काळा यांत तो गोंधळतो. म्हणजे निळ्या-काळ्याच्या बारा छटा तुमच्यासाठी आहेत, त्याच्यासाठी नाहीत. गढूळ पाण्यात काळा-निळा किंवा चार्ट्रूज, नितळ पाण्यात हिरवट-तपकिरी किंवा अर्धपारदर्शक, शॅड असतील तिथे पांढरा-चंदेरी. एवढ्यावर निभावतं.

टप्पा ६: लाइन, रॉड आणि वजन बदलणं

लोक लूअर बदलतात, पण लाइन तीच ठेवतात. त्यामुळे लूअर बदलूनही फरक पडत नाही.

फ्लोरोकार्बनची लाइन बुडते आणि पाण्यात कमी दिसते: नितळ पाणी, जिग, क्रँकबेट. ब्रेडेड तरंगते आणि ताणत नाही: फ्रॉग आणि गच्च गवत, ५० ते ६५ पौंड. मोनोफिलामेंट (साधी एकपदरी नायलॉन लाइन) ताणते आणि हळू बुडते: पृष्ठभागावरचे तिहेरी गळांचे लूअर. लाकडात ब्रेडेड टाळा. ती फांदीत करवतीसारखी रुतते. तिथे १७-२० पौंडी फ्लोरोकार्बन बरी. नितळ धरणावर स्पिनिंग रॉड, ब्रेडेडच्या पुढे ६ ते ८ पौंडी फ्लोरोकार्बनचा सात-आठ फुटी तुकडा.

जाड लाइनवर क्रँकबेट कमी खोल जातो. डब्यावर छापलेली खोली बारीक लाइन आणि लांब फेक धरून असते.

वजनाचं काम लूअर किती वेगाने पडतो हे ठरवणं. दहा फूट पाण्यात सोडा आणि लाइन ढिली पडेपर्यंत आकडे मोजा. पाव औंसाला किती, अर्ध्या औंसाला किती, हे आपल्याच लूअरवर एकदा मोजून वहीत लिहून ठेवा.

*तपासा:* दगडी तळ्यावर दर दोन-तीन माशांनंतर लूअरच्या वरची दोन फूट लाइन नखातून ओढा. खरखर लागली की कापा आणि पुन्हा बांधा. गाठ ओढून घट्ट करण्याआधी थुंकीने ओली करा; कोरडी फ्लोरोकार्बन घासून जळते आणि पहिल्याच मोठ्या माशाला तुटते.

टप्पा ७: आधी शोध, मग नेम, आणि एका वेळी एकच बदल

सुरुवातीला दोनच रॉड डेकवर ठेवा. एक शोधणारा: वेगाने पाणी पालथं घालणारा क्रँकबेट, ब्लेडेड जिग किंवा स्पिनरबेट. एक नेमाचा: टेक्सास रिग, जिग किंवा ड्रॉप शॉट. शोधणाऱ्याने मासा दाखवला की त्याच जागी नेमाचा टाका. आठ रॉड पसरून बसलेला माणूस दर दहा मिनिटांनी लूअर बदलतो आणि संध्याकाळी त्याला काहीच कळलेलं नसतं.

चावा आला नाही तर बदल या क्रमाने करा: जागा आणि खोली, मग वेग, मग लूअरची जात, मग आकार, मग रंग. लोक नेमकं उलटं करतात. हिरव्याचा तपकिरी करतात, तपकिरीचा जांभळा, आणि होडी तिथेच.

चावा आला तर तो खराखुरा वाचा. किती फुटांवर? लूअर पडताना, ओढताना की थांबवलेला असताना? सोंडेच्या टोकाला की बगलेला? गळ ओठाच्या कातडीला जेमतेम लागला असेल तर मासा नाखूश होता. वेग किंवा आकार बदला. लूअर घशात गेला असेल तर काहीही बदलू नका, आणि नकाशावर तशीच दुसरी सोंड शोधा. दोन तशा जागांवर मासा लागला तर तुमच्या हाती त्या दिवसाची किल्ली आली. एका जागी एकच मासा हा योगायोगही असू शकतो.

*सावध:* कालची किल्ली आज लावताना तापमान पुन्हा मोजा. थंड लाट येऊन गेली, आभाळ निळंशार झालं, वारा पडला, की मासा आडोशाच्या आणखी आत शिरतो. जागा तीच ठेवा, लूअर लहान आणि संथ करा. उलट, वारा सुटला तर ज्या काठावर लाटा आपटतात तिकडे जा. होडी सांभाळणं अवघड होतं म्हणून सगळे तिथून पळतात, पण बारीक मासळी तिकडेच लोटली जाते आणि फुटलेल्या पाण्यात बास बिनधास्त खातो.

टप्पा ८: मासा सोडताना आणि तळं सोडताना

सोडायचा असेल तर हात ओले करून धरा. मोठा मासा नुसत्या जबड्यावर आडवा तोलू नका, दुसरा हात पोटाखाली द्या. पंचवीस-तीस फुटांखालून वर काढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते, तो उलटा तरंगू लागतो आणि बरेचदा नंतर मरतो. सोडायचेच मासे असतील तर इतक्या खोलवर गरवत राहू नका.

एका तळ्यावरून दुसऱ्यावर जाताना आपण नकळत बरंच काही बरोबर नेतो. झेब्रा आणि क्वागा शिंपले होड्यांबरोबरच पसरतात. मीडमध्ये क्वागा २००७ मध्ये सापडले, आणि त्यांची पिल्लं डोळ्यांना न दिसणारी असतात. म्हणून धक्क्यावरच ट्रेलरला अडकलेलं गवत काढा, माशांच्या टाकीतलं आणि होडीच्या बुडातलं पाणी पूर्ण सोडून द्या, आणि दुसऱ्या पाण्यात उतरण्याआधी होडी खडखडीत वाळू द्या. अनेक राज्यांत हा कायदाच आहे. पाणी काढण्यासाठी होडीच्या मागचा प्लग उघडावा लागतो, तो ट्रेलरवरच उघडा ठेवून न्यायचा.

आणि तो काढलेला प्लग गाडीच्या किल्लीला बांधा. पुढच्या तळ्यावर होडी पाण्यात सोडण्याआधी तो परत बसवावा लागतो. मी एकदा विसरलो होतो. पाणी घोट्यापर्यंत आलं तेव्हा मी खुशाल तापमान मोजत होतो.